अडीच किलो शिसं

वीज काही लवकर येईल असं दिसत नाही, जावईबापू. मलकपेठेत पावसाचे चार थेंब पडले की आधी वीज जाते, मग गल्लीत पाणी तुंबतं, आणि मग आमची चतुराबाई भजी तळायला घेते. तीस वर्षांत हा क्रम कधी चुकलेला नाही. मेणबत्ती जरा अलीकडे घ्या. मघाशी तुम्ही सहज विचारलंत, की मामा, तुम्ही दीड भाकरीच्या वर घेत नाही, अंगावर मांस नाही, मग दवाखान्यातल्या काट्यावर तुमचं वजन एवढं कसं भरलं? चतुरा हसली, मीही हसलो. पण त्याचं उत्तर आहे. ताटावर बसून द्यायचं ते उत्तर नाही, म्हणून गप्प बसलो. आता सांगतो.

माझं काम तुम्हाला अर्धवट माहीत आहे. रेसकोर्सवर जॉकींची एक खोली असते, तिथला मी माणूस. त्यांची खोगिरं पुसायची, बुटांना पॉलिश करायचं, मालकांच्या रंगांचे सदरे इस्त्री करून खुंटीला लावायचे, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे वजन जुळवायचं. प्रत्येक घोड्याला शर्यतीत किती वजन न्यायचं ते आधीच ठरवून दिलेलं असतं. चांगल्या घोड्याला जास्त, साध्याला कमी, म्हणजे सगळ्यांना बरोबरीची संधी. समजा, घोड्याला छप्पन किलो दिलेत आणि जॉकी खोगिरासकट साडेत्रेपन्नच भरतो. मग उरलेल्या अडीच किलोंच्या शिशाच्या पट्ट्या घालायच्या. खोगिराखाली खिसे असलेलं एक जाड कापड असतं, पट्ट्या त्या खिशांत जातात. शर्यतीआधी जॉकी हे सगळं कवेत घेऊन काट्यावर उभा राहतो, आणि शर्यत झाल्यावर पुन्हा उभा राहतो. दोन्ही वेळा आकडा जुळला पाहिजे. थोडा घाम गेला तर चालतं. शिसं गेलं तर चालत नाही. पहिला आलेला घोडा असला तरी त्याचा नंबर काढून घेतात.

हे काम मला उमाजीकाकांनी शिकवलं. निलंग्याकडचे होते, लहानपणी बापाबरोबर इकडे आले ते इकडचेच झाले. लग्न नाही, घर नाही. त्याच खोलीच्या मागे एका पडवीत राहायचे. एरंडेल लावून चामडं असं मऊ करायचे की हात लावला तर सोडवत नसे. सगळ्या अंगाला एरंडेलाचा आणि तंबाखूचा वास. निजामाच्या काळात शर्यती मौलालीला कशा व्हायच्या, अरबी घोडे कसे यायचे, हे सगळं त्यांनी त्यांच्या बापाकडून ऐकलेलं आणि मी त्यांच्याकडून. खरं किती, मीठमसाला किती, ते देव जाणे. पण त्या काळातली म्हणून सांगतात अशी एक वस्तू आमच्या खोलीच्या कोपऱ्यात अजून आहे. जुना काटा. एका बाजूला साखळ्यांनी टांगलेली चामड्याची खुर्ची, दुसऱ्या बाजूला वजनं ठेवायचं पितळी पारडं. पूर्वी जॉकी त्या खुर्चीत बसायचे. आता आकडे दाखवणारा नवा काटा आलाय. जुन्याचा दांडा कधीचा गंजून जाम झालाय, त्यावर एक पांढरी चादर टाकून ठेवलेली असते.

उमाजीकाकांच्या हातून जन्मात एक चूक झाली होती. तरुण असताना. जॉकीचं वजन झालं, काकांनी पट्ट्या नीट लावायला म्हणून बाहेर काढल्या आणि कुणीतरी हाक मारली. शिसं बाकावर राहिलं, खोगीर घोड्यावर गेलं. तो जॉकी पहिला आला. परत काट्यावर उभा राहिला तेव्हा कमी भरला. त्याने काकांना एका शब्दाने दुखवलं नाही, नुसतं बाकाकडे पाहिलं, आणि पुढच्या हंगामात तो हैदराबादेत आला नाही. तेव्हापासून काकांनी एकही शर्यत डोळ्यांनी पाहिली नाही. शर्यत सुरू असली की ते खोलीत एकटे बसत. आणि त्यांनी एक रीत घालून दिली. जॉकी मैदानाकडे निघाला की त्याच्यासमोर दोन्ही पंजे उघडून दाखवायचे आणि म्हणायचं, "शिसं घोड्यावर, हात मोकळे." मला हे करायला पहिल्या पहिल्यांदा लाज वाटायची. ते मागून म्हणायचे, "हात दाखव, नामदेव." मग दाखवायचो. पुढे सवयच झाली.

पाच वर्षांपूर्वी काका गेले. मागेपुढे कुणी नव्हतं, मीच सगळं केलं. अस्थी आणि राख एका मडक्यात बांधून घेतली आणि सिकंदराबादहून गाडीने बासरला निघालो, गोदावरीत सोडायला. मडकं मांडीवर होतं. आमच्या हाताला खोड असते, जावईबापू, काहीही उचललं की हात वजन सांगतो. मडक्याचं वजन वजा केलं आणि माझ्याच तोंडून निघालं, "अडीच." शेजारच्या बाईने दचकून पाहिलं. एवढा आडवातिडवा माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं जुळवली आणि शेवटी अडीच किलो उरला. मला तेव्हा गाडीत फार रडू आलं. सगळी राख नदीत सोडली, मडकं धुऊन फोडलं. काही मागे ठेवलं नाही, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक सांगतो, तेही ध्यानात ठेवा. शर्यतीच्या दिवशी सकाळी काटा बरोबर आहे का हे पाहायला मी स्वतः त्यावर उभा राहतो. ही पण काकांचीच पद्धत. माझं वजन तेव्हा बासष्ट किलो. अकरा वर्षं बासष्ट. काट्यावरचे साहेब आहेत मुकुंदराव, ते लोखंडी वजनांनी तपासतातच, पण त्यांचा जास्त विश्वास माझ्यावर. "नामदेव बासष्ट, म्हणजे काटा बरोबर," असं म्हणून वही उघडतात. मला त्याचा अभिमान होता. माझ्या दीड भाकरीचं रहस्य हेच.

तर गेल्या वर्षीच्या भादव्यातला सोमवार. सकाळी मी आबिड्सला गेलो होतो, एका शिंप्याकडे. काम साधंच होतं. आमचा हिम्मतराव त्या दिवशी शेवटची शर्यत धावणार होता. जिंतूरकडचा पोरगा, बावीस वर्षं घोड्यावर, आता त्रेचाळीसचा झालेला. लहानसहान शर्यती पुष्कळ जिंकला, पण हंगामातला मोठा कप कधी हाताला लागला नाही. दोनदा दुसरा आला. दोन्ही वेळा खोलीत येऊन हसत म्हणाला, "नामदेवभाऊ, चहा पाजा." रात्री मात्र जेवला नाही, हे मला ठाऊक. त्या दिवशी त्याची आई, विमलाबाई, पहिल्यांदाच गावाहून आली होती. बावीस वर्षं ती माउली म्हणत होती, मला तुझं पडणं बघायचं नाही. आता शेवटचंच आहे म्हटल्यावर आली, डब्यात लाडू घेऊन. मला वाटलं, आपणही काहीतरी द्यावं. म्हणून शिसं ठेवायचं नवं कापड शिवायला टाकलं होतं. निळं, कडेला पांढरी शिवण, कोपऱ्यात त्याच्या नावाचं अक्षर.

शिंप्याने नेहमीप्रमाणे टोलवाटोलवी केली. "बस, दस मिनट, चाचा," म्हणून त्याने मला दीड तास बसवलं. बाहेर आभाळ भरून आलेलं. मी दोन चहा प्यालो, उस्मानिया बिस्किटं खाल्ली, पण जीव खोलीत. रिक्षा करून पोचलो तर कपची शर्यत तोंडावर आलेली आणि हिम्मतराव जुन्या कापडावर वजन करून मोकळा झालेला. छप्पन बरोबर.

वजन झाल्यावर काही बदललं तर पुन्हा काट्यावर जायचं, असा नियम आहे. पण म्हटलं, कापडाला कापड, वजनात फरक तो किती. मी बाकावर बसलो, जुन्या कापडातल्या पट्ट्या काढल्या. अर्ध्या अर्ध्या किलोच्या पाच. बाकावर ठेवणार नव्हतो, काकांची आठवण होती ना. म्हणून एप्रनच्या खिशात टाकल्या. शहाणपणा बघा माझा. नवं कापड खोगिराला लावलं आणि हिम्मतरावला हाक मारली.

त्याने ते अक्षर पाहिलं. बोटाने चाचपलं. मग वाकून माझ्या पायांना हात लावला. मी त्याला उठवून छातीशी धरलं.

"भाऊ," तो म्हणाला, "गावी गेलो तरी माझं मन काय या खोलीतून निघायचं नाही बघा. कधी ना कधी परत इथंच येणार मी."

"येशील रे. आधी जिंकून ये. आई बसलीय तिथं."

"हौ. जिंकलो तर ठीक. नाही तर चहा पाजा."

इतक्यात घोडीच्या ट्रेनरचा माणूस ओरडत आला, "खोगीर कुठाय, जल्दी करो." त्याने ते माझ्या हातातून ओढून नेलं, हिम्मतराव डोळे पुसत त्याच्या मागे गेला. आणि मी हात दाखवले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझे हात त्याच्या पाठीवर होते ना, म्हणून.

खोली रिकामी झाली. बाकीचे मदतनीस कठड्याशी शर्यत बघायला गेले. मी काकांसारखाच आत बसतो. बाहेर ढग इतके खाली आले होते की साडेचारलाच दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. वर ट्यूबलाइट गुणगुणत होती. कोपऱ्यातल्या स्पीकरवरून आवाज येत होता, घोडे सुरुवातीच्या पिंजऱ्यांत शिरतायत. जास्मिन लेन आत गेली. ही हिम्मतरावची घोडी, तबेल्यात तिला सगळे चमेली म्हणतात. मी तोंड पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला.

शिसं हाताला फार थंड लागतं. पावसाळ्यात तर जास्तच.

मग दाराकडे धावलो, आणि दारातच थांबलो. धावून काय करणार होतो? घोडे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. आता कुणालाही काही देता येत नाही, काही सांगता येत नाही. हरला तर नंबर जायचा प्रश्नच नव्हता. पण तो जिंकला असता तर? आईच्या समोर जिंकून, आईच्या समोर काट्यावर उभा राहिला असता, आणि आकडा साडेत्रेपन्न आला असता. माझ्याकडे त्याने पाहिलं असतं. एका शब्दाने दुखवलं नसतं. खरं सांगतो, मी देवाजवळ मागितलं की पोरगा हरू दे. स्वतःच्या तोंडाने मागितलं. त्याची मला आजही शरम वाटते.

आणि वीज गेली.

स्पीकर बंद पडला. ट्यूबची गुणगुण थांबली. बाहेर हजारो माणसं, पण त्या खोलीत एकदम असं शांत झालं की माझाच श्वास मला ऐकू यायला लागला. खिडकीतून राखाडी उजेड येत होता, त्यात खुंट्यांवरचे रिकामे सदरे तेवढे दिसत होते. हलत नव्हते. वारा नव्हताच. मग वास आला. आधी वाटलं खोगिरांचाच. पण आता कोण चामड्याला एरंडेल लावतो, जावईबापू? सगळे डब्यातला साबण लावतात. वास एरंडेलाचा होता… आणि त्याच्या मागून तंबाखूचा.

कर्र… असा आवाज झाला.

मी कोपऱ्याकडे पाहिलं. जुन्या काट्यावरची चादर जमिनीपासून वीतभर वर असते. ती आता जमिनीला टेकली होती. टेकून तिला चुण्या पडत होत्या. खुर्ची हळूहळू खाली येत होती. दांडा इतकी वर्षं जाम. आम्ही तिघांनी मिळून ओढला तरी हलला नव्हता. चादरीखाली साखळ्या ताणल्याचा आवाज आला आणि पलीकडचं पारडं चादरीला घेऊन वर उचललं गेलं. खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. नीट, हळू, गुडघे दुखणारं म्हातारं माणूस बसतं तसं.

पळावंसं वाटलं नाही, हे मात्र खरं.

"हात…"

एवढंच ऐकू आलं. कुजबुजल्यासारखं.

"हात दाखव… नामदेव."

मी खिशातून पाची पट्ट्या काढल्या आणि दोन्ही पंजे पुढे केले. पट्ट्या एकमेकींवर वाजत होत्या. पुढे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. पण मी वजनं जुळवणारा माणूस आहे. समोर काटा एका बाजूला झुकलेला असला की माझा हात आपोआप दुसऱ्या बाजूला जातो. मी चादर पारड्याकडून थोडी उचलली आणि एक पट्टी ठेवली. काही झालं नाही. दुसरी ठेवली. खुर्चीकडची चुणी जराशी सैल झाली. तिसरी… चौथी. पाचवी ठेवली तेव्हा दांडा आडवा झाला, बरोबर मधोमध, आणि थांबला.

खुर्चीत जे बसलं होतं, त्याचं वजन अडीच किलो होतं.

मला मांडीवरचं मडकं आठवलं. बासरची गाडी आठवली. भीती होतीच, पण तिच्यात कसंतरी रडूही मिसळलं. मी म्हणालो, "काका, चुकलो… हिम्मतरावची आई आलीय हो…"

खुर्ची सुटल्यासारखी वर गेली आणि शिशाचं पारडं धाडकन खाली आदळलं. खुर्चीतलं उठून गेलं होतं. वास दाराकडे सरकला, माझ्या अगदी जवळून. मग नुसता ओल्या मातीचा वास उरला, आणि ट्यूबलाइट दोनदा मिचकावून लागली. स्पीकर ओरडत होता, शेवटचे दोनशे मीटर, जास्मिन लेन बाहेरच्या बाजूने, जास्मिन लेन…

जिंकला. घोडीच्या एका मानेच्या अंतराने जिंकला.

मी काट्याजवळ जाऊन उभा राहिलो. पळून जायचा विचार आला नाही असं नाही, पण निदान समोर असावं, एवढं वाटलं. हिम्मतराव आला. चिखलाने तोंड माखलेलं, दात तेवढे पांढरे. खोगीर, खाली माझं निळं कापड, सगळं कवेत. दाराबाहेर विमलाबाई डबा छातीशी धरून उभ्या. मी कापडाकडे पाहत होतो. खिसे सपाट होते, जावईबापू. मला लांबूनही दिसत होतं.

तो काट्यावर चढला. आकडे धावले, थांबले.

मुकुंदरावांनी चष्मा वर केला. "छप्पन. बरोबर." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "नामदेव, तुम्हाला काय झालं? पोरगा जिंकला आणि तुम्ही परेशान?"

हिम्मतराव खाली उतरला, खोगीर माझ्या हातांवर ठेवलं आणि कानाशी म्हणाला, "भाऊ, नव्या कापडात शिसं मागच्या खिशांत घातलं का तुम्ही? वळणापासून मागं कुणी बसल्यागत लागत होतं. पण चमेली अशी इत्मिनानने, निवांत पळाली म्हणता… कधीच नाही पळाली तशी."

"हो," मी म्हणालो. "मागेच घातलं."

खोगीर हातावर घेतल्याबरोबर हाताने वजन सांगितलं. त्यात शिसं नव्हतं. खिसे मी एकेक उलटे करून पाहिले. कोरडे, रिकामे. शिसं जुन्या काट्याच्या पारड्यात पडलेलं होतं, तिथून मीच नंतर गोळा केलं. दांडा मग हलवून पाहिला. जाम होता.

हे मी हिम्मतरावला कधी सांगितलं नाही. तुम्ही म्हणाल, म्हणजे तो खोटा जिंकला. मीही रात्र रात्र त्याचा विचार केलाय. पण घोडीला छप्पन दिले होते आणि घोडीने छप्पन नेले. काट्याने तसं सांगितलं. कुणाचे नेले, हे विचारायचा नियम नाही. त्या संध्याकाळी विमलाबाईंनी सगळ्या खोलीला लाडू वाटले, मुकुंदरावांना दोन. त्या पोराच्या तोंडावर जे सुख होतं ते बघून माझ्या आयुष्याचं सोनं झालं, असं मला वाटलं. अजून वाटतं.

पुढच्या सोमवारी सकाळी काटा तपासायला उभा राहिलो. साडेचौसष्ट.

मुकुंदराव म्हणाले, काटा बिघडला. लोखंडी वजनं ठेवून पाहिली, वीसला वीस, पन्नासला पन्नास. मला पुन्हा उभं केलं. साडेचौसष्ट. "वहिनी भाकरीवर तुपाची धार जास्त सोडायला लागल्या वाटतं," म्हणून हसले. मी घरी येऊन चतुराला सांगितलं तर ती म्हणाली, तुमचे सदरे तर ढगळे व्हायलेत. सिकंदराबाद स्टेशनवरच्या काट्यावर पैसे टाकून पाहिलं, दवाखान्यात पाहिलं. सगळीकडे अडीच जास्त.

मग समजलं. परतताना काकांनी खोगिरावरून उतरून बाकावर बसायचं सोडून, खोगीर घ्यायला मी हात पुढे केले होते तिथेच, माझ्यावरच, बसणं पसंत केलं असावं. मला त्याची भीती वाटत नाही. खरंच नाही. त्या माणसाला आयुष्यभर घर नव्हतं, आता माझ्याबरोबर ये-जा करतात. जिना चढताना दम लागला की मी म्हणतो, काका, जरा हळू. चतुरा समजते मी तिच्याशी बोलतोय. वर्ष झालं, एकही पट्टी इकडची तिकडे झाली नाही माझ्या हातून. मुकुंदराव आता म्हणतात, "नामदेव साडेचौसष्ट, म्हणजे काटा बरोबर." मजेत चाललं होतं आमचं.

हिम्मतराव गावी गेला, दोन म्हशी घेतल्या. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. म्हशींचं दूध, आईचे गुडघे, आणि मग एकच प्रश्न, "भाऊ, माझी खोली कशीय?" वर्षात एक रविवार चुकला नाही. या रविवारी आला नाही. म्हटलं, असेल कामात.

परवा सोमवारी सकाळी मी काट्यावर उभा राहिलो. मुकुंदरावांनी आकडा पाहिला, मला उतरवलं, लोखंडी वजनं आणली. वीसला वीस. पन्नासला पन्नास. मला पुन्हा चढवलं.

सदुसष्ट.

अडीच उमाजीकाकांचे. ते माझ्या ओळखीचे आहेत, वर्षभर वागवतोय. उरलेले अडीच, जावईबापू… मी तेव्हापासून हात उघडून उघडून बघतोय. मोकळे आहेत.

चतुराला काही बोललो नाही. माझ्या फोनवरून दोन दिवस हिम्मतरावला लावतोय, नुसता वाजतो. तुमच्या फोनवरून एकदा लावून बघता का? घ्या, नंबर मला पाठ आहे…

वाजतोय ना? मग वाजू द्या. थोडा वेळ वाजू द्या.